सर्दी, घसा आणि बाबांचा बिस्किटांचा डबा

उज्जैनच्या आमच्या घरात बाबांच्या कपाटावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात बिस्किटं कधीच नसतात. उरलेल्या गोळ्यांच्या अर्ध्यामुर्ध्या स्ट्रिपा, तळाशी साखरेसारखं काहीतरी साचलेल्या दोन-तीन बाटल्या, रबरबँड लावलेल्या जुन्या चिठ्ठ्या, असा सगळा ऐवज त्यात असतो. घरात कोणी दोनदा शिंकलं की बाबा खुर्ची ओढतात, डबा काढतात आणि चष्मा कपाळावर चढवून नावं वाचू लागतात. "ही मागच्या दिवाळीत तुला लागू पडली होती," असं म्हणून एक गोळी पुढे करतात.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. बी.ई. केलं, इंदूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि आठवड्यातले तीन दिवस घरूनच लॅपटॉप उघडतो. पण गेल्या तीन-चार वर्षांत आमच्या मुलीच्या, चिऊच्या, नाकाने आणि घशाने मला बरंच शिकवलं. आपल्या मंडळाच्या अंकात वाचणारे बरेचजण माझ्यासारखेच आहेत. घरात एक लहान मूल, एक-दोन ज्येष्ठ आणि मोबाइलवर पन्नास सल्ले. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पहिलं वर्ष, नऊ सर्द्या

चिऊ तीन वर्षांची झाली आणि आम्ही तिला फ्रीगंजजवळच्या एका बालवाडीत घातलं. दुसऱ्याच आठवड्यात नाक गळायला लागलं. ते थांबतंय तोवर खोकला. खोकला गेला आणि आठ दिवसांत पुन्हा नाक. माझी बायको शिक्षिका आहे. ती म्हणाली, "मुलं आजारी पडतातच रे." आई म्हणाली, "दही बंद करा." बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त डबा काढला.

मी माझ्या सवयीप्रमाणे एक्सेलची शीट उघडली. सुरुवात कधी, ताप किती, खोकला किती दिवस, दही खाल्लं का, पावसात भिजली का, बालवाडीत गेली होती का. वर्षभरात नऊ नोंदी झाल्या. दह्याचा संबंध सापडला नाही. भिजण्याचाही नाही. एकच गोष्ट जवळजवळ प्रत्येक वेळी जुळत होती. आजारी पडण्याच्या दोन-तीन दिवस आधी बालवाडीत शेजारच्या कोणाचं तरी नाक वाहत होतं. बालवाडीला लांब सुटी असली की शीटही रिकामी!

ती शीट मी आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंना दाखवली. त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमची मुलगी अगदी नॉर्मल आहे. या वयात वर्षाला सहा ते आठ सर्द्या होतात, नव्याने शाळेत जाणाऱ्याला जास्तही होतात. मोठ्या माणसालाही दोन-तीन होतातच."

सर्दी म्हणजे नेमकं कोण?

आपण 'सर्दी' एका शब्दात म्हणतो, पण तिच्यामागे दोनशेहून अधिक प्रकारचे विषाणू आहेत. सर्वांत मोठं घराणं ऱ्हायनोव्हायरसचं. त्याचेच १६० हून जास्त प्रकार माहीत आहेत. एका प्रकाराविरुद्ध शरीर तयार झालं की दुसरा दारात उभा. म्हणूनच सर्दीची लस अजून निघालेली नाही आणि म्हणूनच लहान मूल, ज्याने यातले फारच थोडे पाहिलेले असतात, ते सारखं आजारी पडतं. याशिवाय अ‍ॅडेनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएंझा, आरएसव्ही, मेटान्यूमोव्हायरस आणि आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा कोरोना.

कोरोना हे नाव आपण २०२० मध्ये शिकलो, पण त्याच्या घराण्यातले चार भाऊबंद साधी सर्दी देत जगभर फिरतच असतात. इंग्लंडमध्ये सॉल्सबरी गावाजवळ १९४६ ते १९९० अशी ४४ वर्षं 'कॉमन कोल्ड युनिट' नावाची संस्था चालली. तिथे स्वयंसेवक राहायला यायचे, त्यांच्या नाकात विषाणूचे थेंब टाकायचे आणि पुढे काय होतं ते पाहायचं! १९६० च्या दशकात तिथेच सर्दीच्या रुग्णांमधून एक नवा विषाणू मिळाला. जून अल्मेडा या संशोधिकेने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्याभोवतीचं प्रभामंडळ पाहिलं. त्यावरूनच 'कोरोना', म्हणजे मुकुट, हे नाव पडलं.

मग थंडीचा काही संबंध नाही का? आहे, पण आई समजते तसा नाही. थंडीतून विषाणू जन्माला येत नाही. मात्र ऱ्हायनोव्हायरस ३३ ते ३५ अंश सेल्सिअसला, म्हणजे नाकाच्या आतल्या तापमानाला, जास्त चांगला वाढतो. शिवाय माळव्यातल्या डिसेंबरच्या रात्री आपण सगळे दारं-खिडक्या लावून एकाच खोलीत बसतो. एकाची शिंक सगळ्यांच्या वाट्याला येते.

हिरवा शेंबूड आणि माझी चूक

आता माझ्या चुकीची गोष्ट. त्याच वर्षी एकदा चिऊचा शेंबूड चौथ्या दिवशी पिवळा-हिरवा झाला. रविवार होता. मी ठरवून टाकलं की आता 'इन्फेक्शन' झालं. एक जुनी चिठ्ठी शोधली, ओळखीच्या दुकानात गेलो आणि अँटिबायोटिकचं औषध घेऊन आलो. दुकानदाराने काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सर्दी ओसरली. बाबा समाधानाने म्हणाले, "बघ, लागू पडलं." पण सोबत जुलाब सुरू झाले, पोरीचं खाणं तुटलं आणि आठवड्यात तिचं वजन अर्धा किलो उतरलं.

नंतर बाईंनी मला समोर बसवून समजावलं. पांढऱ्या पेशी लढायला येतात तेव्हा त्यांच्यातल्या एका हिरवट एन्झाइममुळे शेंबडाला रंग येतो. विषाणूच्या सर्दीतही तो चौथ्या-पाचव्या दिवशी येतोच. रंग म्हणजे जिवाणूंचा पुरावा नव्हे. सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असते आणि मग आपोआप उतरू लागते. आपण कंटाळून चौथ्या दिवशी औषध देतो आणि उतरण्याचं श्रेय औषधाला मिळतं. आमच्या कामात याला फार जुनं उदाहरण आहे. सर्व्हर आपोआप सुरू होतो आणि ज्याने शेवटचं बटण दाबलं तो म्हणतो, "मी दुरुस्त केला."

अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. विषाणूला ती भिंतच नसते, तो आपल्याच पेशीत घुसून आपलीच यंत्रणा वापरतो. विंडोजचा पॅच लिनक्सवर टाकण्यासारखं ते आहे. बग जात नाही, उगाच दुसरंच काही बिघडतं. इथे बिघडतात ते पोटातले उपयोगी जिवाणू. आणि जे जिवाणू त्या औषधातून वाचतात, ते पुढच्या वेळी त्याला दाद देत नाहीत.

हे फक्त माझ्या घराचं दुखणं नाही. आपल्या उज्जैनच्या आर. डी. गार्डी मेडिकल कॉलेजमधले संशोधक आणि स्वीडनची कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट यांनी याच विषयावर अनेक वर्षं एकत्र काम केलं आहे. उज्जैन जिल्ह्यातल्या खेड्यांत पदवीशिवाय औषधं देणाऱ्यांच्या १५ हजारांहून जास्त चिठ्ठ्या त्यांनी तपासल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चारपैकी जवळजवळ तीन चिठ्ठ्यांत अँटिबायोटिक होतं. त्याआधी २०१८ मध्ये त्यांचाच क्षिप्रेवरचा अभ्यास आला. ज्या पाण्यात आपण पर्वणीला डुबकी मारतो, त्यात अँटिबायोटिकचे अंश आणि त्यांना न जुमानणारे जिवाणू सापडले. ते वाचल्यावर मला रविवारची ती बाटली आठवली. २०२८ चा सिंहस्थ आता लांब नाही. सगळा देश इथे येऊन खोकणार आहे आणि त्यातल्या किती जणांच्या पिशवीत बाबांसारखा डबा असेल!

डब्यामागची गोष्ट

मी हे सगळं उत्साहाने बाबांना सांगितलं. आकडे दाखवले. डबा टाकून द्या म्हणालो. बाबा एरवी वाद घालतात. त्या दिवशी ते उठून गच्चीवर गेले. रात्री आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "तुला आत्या आठवते का?"

आठवते, पण धूसर. पांढरी साडी, जिना चढताना मध्ये थांबणारी, धापेने बोलणं तुटणारी. मी शाळेत जायच्या आधीच ती गेली. बाबांची मोठी बहीण. १९६४ च्या हिवाळ्यात, दहा वर्षांची असताना, तिचा घसा धरला. खूप ताप, गिळता येईना. हळदीच्या गुळण्या, काढा, गळ्याला ओव्याचा शेक. चार-पाच दिवसांत घसा बरा झाला. सगळे विसरले. तीन आठवड्यांनी तिचा गुडघा सुजला, मग तो उतरला आणि घोटा सुजला, मग मनगट. तेव्हा 'वाताचा ताप' म्हणाले. तो सांध्यांतून गेला, पण हृदयाच्या झडपेवर आपली खूण ठेवून गेला. पुढे मुंबईत शस्त्रक्रिया झाली, काही वर्षं मिळाली, पण फार नाही. बाबा तेव्हा आठ वर्षांचे होते. दोघं एकाच गादीवर झोपत.

"त्यांना घसा म्हटलं की ती दिसते," आई म्हणाली. "तू आकडे काय दाखवतोस?"

मी त्या रात्री झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊनच बाईंकडे गेलो. चिऊला नेलं नाही.

जो घसा सोडायचा नाही

बाईंनी बाबांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, तुमची भीती खरी आहे. फक्त ती प्रत्येक सर्दीला लावू नका."

घसा दुखण्याची बहुतेक कारणं विषाणूचीच असतात. पण मुलांमध्ये घसा दुखण्याच्या १०० पैकी २० ते ३० वेळा एक जिवाणू असतो, 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकोकस. तो मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांना गाठतो. त्याची ओळख अशी. घसा एकाएकी दुखायला लागतो, ताप असतो, टॉन्सिल लाल होऊन सुजतात आणि त्यांवर पांढरे ठिपके दिसतात, मानेच्या पुढच्या बाजूच्या गाठी दाबल्यावर दुखतात. आणि महत्त्वाचं म्हणजे खोकला नसतो, नाक वाहत नसतं. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, असं असेल तर बहुधा विषाणूच. शंका असेल तर घशातला स्वॅब घेऊन तपासणी करता येते.

हा घसाही चार-पाच दिवसांत आपोआप बरा वाटतो, आणि तिथेच फसगत होते. या जिवाणूशी लढताना काही मुलांच्या शरीराची ओळख चुकते. जिवाणूवर सोडलेला मारा स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर होतो. साधारण दोन ते चार आठवड्यांनी ताप आणि सांधेसूज येते. तोच ऱ्हुमॅटिक फिव्हर. प्रत्येकाला होत नाही, थोड्यांनाच होतो. पण घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन किंवा त्याच्या जातीचं औषध सुरू केलं आणि ठरलेले दिवस पूर्ण दिलं, तर तो टाळता येतो. म्हणजे तपासणीचा निकाल यायला एक-दोन दिवस थांबलं तरी चालतं.

बाबांनी विचारलं, "तेव्हा हे औषध होतं का?"

होतं. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ मध्येच उभा राहिला होता, पेनिसिलिन देशात बनत होतं. आत्या आजारी पडली त्याच्या दहा वर्षं आधी. गंमत नाही, दुःख आहे. आमच्या घरात एकदा औषध लागलं तेव्हा दिलं गेलं नाही आणि त्याची भरपाई म्हणून पुढची साठ वर्षं जिथे लागत नाही तिथे ते दिलं गेलं. बाबा परतताना रिक्षात काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "डब्याचं बघू."

मग सर्दीला करायचं काय?

खरं सांगायचं तर फार थोडं. साधी सर्दी सात ते दहा दिवस घेते, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. हे माहीत असलं की निम्मी धावपळ वाचते.

भरपूर पाणी, वरणाचं पाणी, सूप, विश्रांती. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब. मोठ्या मुलांना कोमट मीठ-पाण्याच्या गुळण्या. तापाला डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेलं पॅरासिटामॉल. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध खोकल्यात आराम देतो. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आजीचं हळद-दूध आवडत असेल तर जरूर द्या, ते घशाला बरं वाटतं. लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफारा मात्र देऊ नका. त्यात भाजण्याचेच अपघात होतात. आणि हात धुणं. सर्दी हवेतून जाते तशी हातावरूनही जाते, आणि हात नाकाला किती वेळा लागतो ते एक तास मोजून पाहा.

खोकल्याच्या सिरपबद्दल एक गोष्ट विसरता येणार नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, साधा ताप-खोकला झालेली वीसहून जास्त मुलं भेसळीच्या सिरपमुळे मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. त्या वेळी केंद्राच्या आरोग्य यंत्रणेने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. ज्या आजाराला औषध लागतच नव्हतं, त्याच्यासाठी ती लेकरं गेली. त्या आठवड्यात बाबांनी स्वतः डबा खाली काढला आणि बाटल्या एकेक करून बाजूला ठेवल्या.

डॉक्टरकडे ताबडतोब कधी जायचं, ते आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे. श्वास जलद चालतो किंवा छाती आत ओढली जाते, मूल पाणी पीत नाही, सुस्त पडतं, गिळता येत नाही आणि लाळ गळते, घशात करडा पापुद्रा दिसतो (घटसर्प अजून संपलेला नाही, म्हणून लसी वेळेवर), कान दुखतो, ताप तीन दिवसांनंतरही राहतो, किंवा बरं वाटल्यावर पुन्हा चढतो. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला कोणताही ताप आला तर वाट पाहायची नाही.

दहा फुल्या

यंदा संक्रांतीच्या सुमारास चिऊ, आता सहा वर्षांची, शाळेतून आली आणि तिळगूळ नको म्हणाली. घसा दुखतोय. ताप १०२. मी टॉर्च लावला. टॉन्सिल लालभडक, त्यांवर पांढरे ठिपके. नाक कोरडं, खोकला नाही. बाबा माझ्या मागे उभे होते. "ही ती नाही ना, साधी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाही बाबा. ही बहुतेक ती दुसरी आहे."

स्वॅब घेतला, स्ट्रेप्टोकोकस निघाला. बाईंनी अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं, दहा दिवस. तिसऱ्या दिवशी पोरगी अंगणात पतंगामागे पळत होती. आमच्या घरातली आजवरची रीत पाहता इथेच औषध थांबलं असतं आणि उरलेलं डब्यात गेलं असतं. या वेळी बाबांनी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं, पेन घेतलं आणि प्रत्येक डोस झाला की त्या तारखेवर खूण करू लागले. सकाळी एक रेघ, रात्री दुसरी. दिवस पूर्ण झाला की फुली. एकदा चिऊ झोपली होती तर तिला उठवून डोस दिला. दहाव्या रात्री दहावी फुली झाली. बाबांनी पेनाला टोपण लावलं, चिऊच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेले.

डबा अजून कपाटावर आहे. आता त्यात थर्मामीटर आहे, मिठाच्या पाण्याचे थेंब आहेत, लसीकरणाचं कार्ड आहे. आणि बिस्किटंही आहेत, कारण खुर्ची ओढून तो डबा काढण्याचं काम सध्या चिऊने आपल्याकडे घेतलं आहे.

तुमच्या घरीही असा एखादा डबा असेल. तो रिकामा करायला सांगण्याआधी, तो कोणी आणि का भरला ते एकदा विचारा. मग दोघं मिळून रिकामा करा.